प्रतिसाद: आकडा जुळला नाही म्हणून लगेच उपग्रह खोटा?

वर कुणीतरी तक्ता देऊन लिहिलंय की इन्सॅट या आपल्या हवामान उपग्रहाचं तापमान हवामान बलूनशी (यंत्रं घेऊन वर जाणाऱ्या फुग्याशी) दोन अंशांनी जुळलं नाही, म्हणजे उपग्रह फेकतोय. थांबा हो जरा!

बलून म्हणजे सोलापुरी चादर हातात धरून धागा न् धागा मोजणं. उपग्रह तीच चादर गच्चीवरून बघतो. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला जमिनीलगत गार हवेचा पातळ थर असतो, वर हवा उबदार. बलूनला ही उलटापालट नेमकी सापडते. उपग्रहाला काही किलोमीटर जाडीच्या थराची सरासरीच दिसते. म्हणून आधी बलूनच्या आकड्यांचीही तेवढ्याच जाडीची सरासरी काढायची, मग तुलना.

शिवाय बलून सरळ वर जात नाही. तीस किलोमीटर गाठायला दीड तास लागतो, तोवर वाऱ्याने कुठच्या कुठे गेलेला असतो, म्हणजे दोघं एकाच जागची हवा मोजत नाहीत.

आर्द्रतेत तर बलूनही धुतल्या तांदळाचा नाही. दिवसा उन्हाने सेन्सर तापतो आणि हवा आहे त्याहून कोरडी दाखवतो. आणि जुलैत ढग दाटले की इन्सॅटच्या साउंडरला (वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान-आर्द्रता टिपणाऱ्या उपकरणाला) खालचं दिसतच नाही, कारण तो ज्यावर चालतो ते इन्फ्रारेड किरण ढगातून आरपार जात नाहीत. त्यामुळे तुमच्या तक्त्यातले दिवस बहुतेक निरभ्रच असणार. तेवढं तपासा.