बशीत पेशी मेल्या. माणसाचं काय?

बाराखडी:
परवा इथे एक लेख डकवला गेला: 'मलेरियाच्या जुन्या गोळीपुढे स्तनाच्या कर्करोगाची शरणागती'. गोळी म्हणजे आपली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. खाली बदामांचा पाऊस आणि 'ही बातमी दाबली जातेय, पुढे पाठवा' असा आदेश. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

शरण कोण आलं? एमसीएफ-7 पेशी, म्हणजे प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. 1970 मध्ये एका रुग्णाच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काढलेल्या, तेव्हापासून प्लास्टिकवर वाढताहेत. त्यांना ना यकृत, ना रक्तवाहिन्या, ना प्रतिकारशक्ती. त्यांच्यावर साधं ब्लीच ओतलं तरी त्या शरण येतील. त्यातून अशा प्रयोगांत औषध बऱ्याचदा वीस, पन्नास मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) वापरतात. रोज 400 मिलिग्रॅम घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते एक ते तीनच्या आसपास असतं. हा फरक लेखात का नाही?

मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन आठवतेय? बशीत भारी, उंदरांत भारी. मग स्तनाच्या कर्करोगाच्या साडेतीन हजारांवर रुग्णांवर पाच वर्षं चाचणी करून पाहिली. 2022 मध्ये निकाल आला: आजार उलटण्याच्या बाबतीत प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, काडीचा फरक नाही.

तिरकस_रेघ:
लेख मी डकवला होता. 'दाबली जातेय' हे माझं वाक्य नाही, ते माझ्या गळ्यात मारू नका.

टॅमॉक्सिफेन मुळात गर्भनिरोधक म्हणून शोधत होते. त्या कामी नापास झालं आणि स्तनाच्या कर्करोगात लाखो बायकांना जगवून गेलं. थॅलिडोमाइड 1961 मध्ये बाजारातून हाकललं, आज मायलोमात, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगात, वापरतात. तेव्हा तुमच्यासारखं कुणी 'बशी, बशी' करत बसलं असतं तर?

आणि रक्तातला आकडा फेकून वाद जिंकता येत नाही. हे औषध रक्तात थांबत नाही, ऊतींमध्ये आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांमध्ये, साठतं. तिथलं आम्ल उतरवतं, मग पेशीला स्वतःची मोडतोड पचवून तग धरता येत नाही. ऑटोफॅजी अडवायची हीच तर कल्पना आहे.

सूक्ष्मदर्शी:
पेशींचा विषय निघालाच आहे तर माझं जुनं दुखणं. एमडीए-एमबी-435 ही 'स्तनाच्या कर्करोगाची' पेशीमालिका वर्षानुवर्षं वापरली गेली. नंतर कळलं की ती एम14, म्हणजे मेलानोमा! त्वचेचा कर्करोग! त्यावर रचलेले पेपर आजही उद्धृत होतात. मी ज्या लॅबमध्ये होतो तिथे पेशींची ओळख तपासून घेऊ म्हटलं की 'आता कशाला, पेपर पाठवायचाय' असं उत्तर मिळायचं. कोणती बशी, हेही विचारत जा.

रानजाई:
मला ल्युपस आहे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. ज्या गोळीवर तुमची कुस्ती चालली आहे ती मी वर्षानुवर्षं घेते. मलेरियासाठी नाही, कर्करोगासाठी नाही, सांधे आणि मूत्रपिंडं शाबूत राहावीत म्हणून.

2020 मध्ये काय झालं ते विसरलात का सगळे? तेव्हाही बशीच होती. व्हेरो पेशी, आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडातल्या. त्यांत कोविडचा विषाणू अडला, बातमी फुटली, मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, तातडीची परवानगी दिली. नंतर माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर करून पाहिलं तर विषाणू अडेना. जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या रिकव्हरी चाचणीत उपयोग शून्य निघाला, एफडीएने परवानगी मागे घेतली.

तोवर आमच्या गोळ्या गायब. एका दुकानदाराने माझं प्रिस्क्रिप्शन उलटंसुलटं करून पाहिलं आणि 'कोविडसाठी साठवताय ना?' म्हणून परत दिलं. मी गोळी अर्धी करून पुरवली. सकाळी बोटं मिटेनात, ब्रश धरता येईना. लोक मात्र 'खबरदारी म्हणून' पाकिटं कपाटात ठेवून बसले होते.

तिरकस_रेघ:
वाईट झालं, पण याचा कर्करोगाशी काय संबंध? धागा कुठल्या कुठे चाललाय.

रानजाई:
संबंध? 'बशीत चाललं, पुढे पाठवा' हाच संबंध. तुमचं बोट फॉरवर्डवर पडतं, गोळी माझ्या डब्यातली जाते.

खटपट्या:
अहो ताई, साठेबाजी लोकांनी केली, लेखाने नाही. माझ्या काकांनी तर ती घेतली आणि त्यांना कोविड झालाच नाही.

रानजाई:
माझ्या शेजाऱ्यांनी काहीच घेतलं नाही, त्यांनाही झाला नाही. आता तुमच्या काकांचा पेपर छापायचा की माझ्या शेजाऱ्यांचा?

खटपट्या:
तुम्ही आजारी आहात म्हणून बोलत नाही, नाहीतर…

बाराखडी:
नाहीतर काय? बोला की. आजारपणाची ढाल तुम्हीच पुढे करताय, त्यांनी केली नव्हती.

सूक्ष्मदर्शी:
भांडण थांबवायला नाही, नोंद म्हणून. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या क्लेव्हर चाचणीत उपचार संपलेल्या, पण अस्थिमज्जेत कर्कपेशी सुप्त राहिलेल्या स्त्रियांना हीच गोळी, एव्हरोलिमस हे कर्करोगाचं औषध, किंवा दोन्ही दिली. 2025 मध्ये निकाल आला. बहुतेकींत त्या पेशी हटल्या, तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण फार थोडं. रुग्ण मात्र फक्त 51, आणि प्लासिबोशी तुलना नाही.

तिरकस_रेघ:
बघा! बशीच्या बाहेर!

बाराखडी:
51 जणी. शिवाय डॉक्टरांच्या नजरेखाली, तपासण्यांसकट. ठीक आहे, कल्पनेत दम आहे असं म्हणते, तुमच्या शीर्षकात नाही. झालं समाधान?

तिरकस_रेघ:
अर्धं. पेटंट संपलेल्या गोळीवर मोठी चाचणी करायला पैसा कोण घालणार, ते सांगा.

सूक्ष्मदर्शी:
टाटा मेमोरियलने घातला की. शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, बास. सुमारे 1600 स्त्रिया, 2023 मध्ये निकाल: पाच वर्षं आजाराविना राहिलेल्या 82.6 टक्क्यांवरून 86.6 वर. भूल देण्याचं जुनं, स्वस्त औषध! कंपनी नसली तरी होतं, फक्त 'पुढे पाठवा' म्हणून होत नाही.

तिरकस_रेघ:
बरं, हे मला माहीत नव्हतं. एक उदाहरण दाखवून तुम्ही नियम सिद्ध करताय, तेही चालवून घेतो.

मधुमालती:
इतका वेळ नुसती वाचत होते. माझ्या बहिणीने तो लेख वाचून ही गोळी सुरू केली आहे. तिला टॅमॉक्सिफेन चालू आहे. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ते ओरडतील म्हणते. मागे हळदीच्या कॅप्सूलवरून तिला सगळ्यांसमोर झापलं होतं.

रानजाई:
आजच बंद करायला सांगा आणि डॉक्टरांना कळवा. या गोळीने दृष्टिपटल खराब होऊ शकतं. सोबत टॅमॉक्सिफेन असेल तर तो धोका कित्येक पट वाढतो. आम्ही वजन बघून डोस घेतो, दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत, आणि डोळे तपासत राहतो. हृदयाच्या ठोक्यांचाही प्रश्न असतो, तिची बाकीची औषधं कोणती ते बघावं लागेल.

तिरकस_रेघ:
मी कुणाला घ्या म्हटलं नव्हतं. पण लेखाच्या वर टॅमॉक्सिफेनचं आणि डोळ्यांचं आत्ताच टाकतो.

मधुमालती:
बहिणीला फोन करते. डॉक्टरांकडे मीच जाईन सोबत. आणि त्यांनी परत झापलं, तर वेगळा धागा काढणार आहे, आधीच सांगते.