फायबरमधून सेन्सरला वीज: ४०० केव्ही यार्डात जमेल का?

प्रश्न: आमच्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) स्विचयार्डातील, म्हणजे वीज उपकेंद्राच्या उघड्या आवारातील, विद्युतवाहक तारेवर तापमान मोजणारा वायरलेस सेन्सर आहे. त्याची बॅटरी बदलायची म्हणजे दर वेळी शटडाउन घ्यावा लागतो. नियंत्रण कक्षापासून अंतर सुमारे ३०० मीटर आहे. लेझरचा प्रकाश फायबरमधून (प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूतून) पाठवून तिथेच वीज तयार करणे व्यवहार्य ठरेल का?

उत्तर १: ठरेल. ८१० नॅनोमीटरच्या प्रकाशाची मल्टिमोड (जाड गाभ्याच्या) फायबरमध्ये दर किलोमीटरला साधारण ३ डेसिबल, म्हणजे जवळपास निम्मी, घट होते. म्हणजे १ वॉट सोडल्यास आपल्या अंतरावर सुमारे ०.८ वॉट पोहोचेल, आणि प्रकाशाची वीज करणाऱ्या गॅलियम आर्सेनाइडच्या सेलमधून, कनेक्टरमधील घट धरूनही, ०.३ वॉटच्या आसपास वीज हाती लागेल. सेन्सरचा रेडिओ चालू होताना लागणारा क्षणिक जादा प्रवाह कपॅसिटर पुरवेल. फायबर विजेचा दुर्वाहक असला, तरी तारेपासून जमिनीपर्यंतचा त्याचा टप्पा पोकळ इन्सुलेटरमधूनच आणावा, कारण ओल्या, मळलेल्या आवरणावरून गळती प्रवाह वाहतो.

उत्तर २: कनेक्टर पुसल्याशिवाय जोडू नका, एवढ्या शक्तीला धुळीचा एक कण फायबरचे टोक जाळतो. हा प्रकाश डोळ्यांना जवळपास दिसत नाही, म्हणून फायबर तुटताच लेझर आपोआप बंद होईल अशी व्यवस्था हवीच.