चौकीचे कॅमेरे आणि घरपट्टीतली सूट

देशपांडे बी-३०२: घरपट्टीची बिलं आलीत, बघितली असतील सगळ्यांनी. गेल्या वर्षी आपल्या सोसायटीने नाक्यावर पोलीस चौकीसाठी कॅमेरे बसवून दिले, पैसे आपल्या खिशातून गेले. गांडूळखताला महापालिका सूट देते, मग सुरक्षेला दिलेल्या पैशाला का नको? बोला कुणीतरी.

सेक्रेटरी मॅडम: काका, पुण्यात सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी यातलं एक असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. तेही प्रकल्प चालू असला तरच. कॅमेरे त्या यादीत नाहीत.

साठे सी-१०१: प्रकल्प चालू?? गांडूळखताच्या खड्ड्याचं झाकण उघडून बघा एकदा, वास आमच्या हॉलपर्यंत येतो.

सेक्रेटरी मॅडम: ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कोण टाकतं ते मला माहितीय. नाव घेत नाही.

साठे सी-१०१: घ्या ना.

देशपांडे बी-३०२: विषय भरकटवू नका. परत सांगतो, गांडूळखताला सूट मिळते, कॅमेऱ्याला का नाही?

पाटील सीए ए-५०४: काका, पोलीस राज्याचे आणि घरपट्टी महापालिकेची. राज्याचा खर्च आपण उचलला म्हणून महापालिकेनं तिच्या तिजोरीतून सूट का द्यावी, ड्रेनेज आणि रस्त्याचे पैसे तिथूनच जातात. इन्कम टॅक्सला देणगीची वजावट आहे, ८०जी म्हणतात ती, राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलं तर सगळी रक्कम उत्पन्नातून वजा, पण जुन्या करपद्धतीतच (ओल्ड रेजीम), आणि रोख २००० च्या वर चालत नाही. चौकीचे कॅमेरे त्यात बसत नाहीत.

गोखले आजी ए-१०२: १९६२ ला चीनची लढाई झाली तेव्हा आमच्या आईने हातातल्या दोन्ही पाटल्या त्या निधीला दिल्या. किती बायकांनी दिल्या. सूट कुणी मागितली नव्हती.

रोहन डी-२०४: आजी 🙏 आता आमच्याकडे पाटल्या नाहीत, ईएमआय आहेत 😄

माने बी-१०३: आमचा मुलगा अटलांटाला असतो, तिकडे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०२२ ला असा कायदाच केला. पोलिसांच्या फाउंडेशनला द्या, एकट्या माणसाला ५,००० डॉलरपर्यंत टॅक्समधून सरळ वजा.

देशपांडे बी-३०२: बघा!! तेच म्हणतोय मी. गांडूळखताला मिळते, कॅमेऱ्याला का नाही?

पाटील सीए ए-५०४: ती इन्कम टॅक्सची वजावट आहे काका, घरपट्टीची नाही. आणि तिथेही एका पोलीस फाउंडेशनला वर्षाला ३० लाख डॉलरच्या वर घेता येत नाही.

कुलकर्णी ताई सी-४०१: मर्यादा का ठेवली असेल ते कळतं. ज्या भागात पैसेवाले राहतात तिथल्या चौकीला सगळं मिळणार आणि नाल्यापलीकडच्या वस्तीला काही नाही, आणि सूट घेतली की त्याचा बोजा त्या वस्तीतल्या घरपट्टी भरणाऱ्यावरही पडणार. माझी चेन गेली तेव्हा चौकीत मी बसलेय, मला सुरक्षा नकोय असं नाही. पण सूट मागितली की ती आपली देणगी उरत नाही, ती सगळ्या शहराच्या पैशातून होते. मनापासून सांगतेय, राग मानू नका.

देशपांडे बी-३०२: राग कसला. पण मी पेन्शनर आहे, दोन्हीकडून किती देऊ?

साठे सी-१०१: काकांचं हे मात्र बरोबर आहे.

रोहन डी-२०४: कॅमेरे चालू तरी आहेत का? काल रात्रीच्या फुटेजमध्ये नुसतं कोळ्याचं जाळं दिसतंय, समोर दिव्यासारखं चमकतंय, गाडीचा नंबर वाचता येत नाही.

सेक्रेटरी मॅडम: मेंटेनन्सचा करार आपण केलाच नाही, पोलिसांचं म्हणणं वस्तू तुमची, आपलं म्हणणं दिली म्हणजे तुमची.

पाटील सीए ए-५०४: आधी ते लेखी करून घ्या. आणि इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

सेक्रेटरी मॅडम: सप्टेंबरच्या वार्षिक सभेला (एजीएम) विषय घेते. करार कुणी करायचा एवढाच. घरपट्टीच्या सूटचं पत्र देशपांडे काकांनी स्वतःच्या नावाने नगरसेवकाला द्यावं, सोसायटीच्या लेटरहेडवर नको.

देशपांडे बी-३०२: बरं. मजकूर पाटील तपासून देतील ना?

पाटील सीए ए-५०४: देतो. रविवारी अकराला या घरी.