रॅम्पला मराठीत काय लिहावं? उतरण, ढाळ की रपटा?

भाषांतरी
ग्रामपंचायत कार्यालयाच्या दुरुस्तीचं इंग्रजी टिपण मराठीत करायचं आहे. गाव दारव्हा तालुक्यातलं. टिपण ग्रामसभेत वाचलं जाणार आणि गावातला मिस्त्री त्यावरूनच काम करणार. रॅम्पसाठी 'उतरता मार्ग, ढाळ १२ टक्के' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्या अभियंत्यांनी दोन्हींवर लाल रेघ मारली. 'उतरता' नको हे पटलं, त्यावरून चढायचंही असतं. पण 'ढाळ' का चूक?

पाणसळ
ढाळ पाण्याचा असतो. गच्चीला, मोरीला, अंगणाला. मिस्त्रीला 'ढाळ' म्हटलं की तो पाणी कुठं जाईल ते बघणार, व्हीलचेअर कशी जाईल ते नाही. पण खरी चूक टक्क्यांची आहे. मूळ टिपणात १:१२ असणार. एकास बारा म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट चढ, म्हणजेच ८.३३ टक्के, १२ नव्हे. जोतं ६०० मिमी उंच असेल तर एकास बाराने ७.२ मीटर लांबी लागते. १२ टक्क्यांनी ५ मीटरमध्ये उरकतं. हे वाचलेले दोन मीटर मग व्हीलचेअर ढकलणाऱ्याच्या छातीवर बसतात.
आणि नुसतं '१:१२'ही लिहू नका, मिस्त्री ते सिमेंट-वाळूच्या मालाचं प्रमाण समजेल. 'फुटाला इंच चढ' लिहा. टेप फूट-इंचाचा असतो, हिशेब तिथंच संपतो.

शुद्धमती
मोजमाप ठीक, पण शब्दाचं काय? 'सोपानमार्ग' का नाही?

काळी कसदार
कारण सोपान म्हणजे पायऱ्या. ज्या टाळायच्या आहेत त्याच.

शुद्धमती
मान्य, घाईत लिहिलं. मग 'प्रवणपथ' घ्या. प्रवण म्हणजे उतरतं, कललेलं. सावरकरांच्या 'महापौर'ला आणि 'दिनांक'लाही लोक हसले होते. आज हसतं का कोणी? सरकारी कागदात सवयीने लिहिलं की शब्द रुळतो.

वर्धाकाठ
प्रवणपथ म्हनलं तं मिस्त्री इचारन, कोनतं पथक येऊन रायलं भाऊ? आमच्याकडं सरळ रपटा म्हनतात. नालीवरून गाडी घरात न्याले दारासमोर करते तो रपटा.

काळी कसदार
भाऊ, रपटा नाल्यावरचा. पूर आला की ज्याच्यावरून पाणी वाहतं आणि एसटी अलीकडं थांबते तो. शिवाय हिंदीत 'रपटना' म्हणजे घसरणं. शब्दाच्या पोटातच घसरण आहे, आणि ती इथं अजिबात नको. घोटीव कोटा किंवा ग्रॅनाईट लावलेला रॅम्प पहिल्या पावसात रपटाच होतो. साधं काँक्रीट, ओलं असताना आडवा खराटा फिरवलेलं, हे सगळ्यात बरं.
आता मूळ दुखणं. टिपणात 'भराव' शब्द कुठं आहे ते बघा. आपल्याकडं इमारत पायावर उभी असते आणि मागाहून जोडलेला रॅम्प काळ्या मातीवर. वर चार ट्रॉल्या मुरूम टाकून काँक्रीट ओततात. उन्हाळ्यात माती आक्रसते, पावसाळ्यात फुगते. दोन-तीन वर्षांत नेमका जोत्याच्या सांध्यावर दीड-दोन इंचांचा उंबरठा उभा राहतो. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान, ती तिथंच अडतात. म्हणून 'भराव' पुरेसा नाही. 'काळी माती काढून सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम, पाणी मारून धुम्मस (म्हणजे ठोकून दाबणं)' असं पूर्ण लिहा. दोन्ही बाजूंच्या भिंतींना पाया द्या, नाहीतर मुरूम कडेनं सुटतो.

पाणसळ
शब्दावरूनच काम बिघडतं त्याचं आणखी एक उदाहरण: 'कठडा'. माणूस पडू नये म्हणून असतो तो कठडा. मिस्त्री तीन फुटांची विटांची भिंत बांधून मोकळा होतो आणि धरायला काहीच नसतं. हवी असते ती दांडी. साधारण ४० मिमी व्यासाचा गोल पाइप, दोन्ही बाजूंनी, ७६० आणि ९०० मिमी अशा दोन उंचींवर, भिंतीपासून ५० मिमी सुटा, आणि रॅम्प संपल्यावरही ३०० मिमी पुढं आलेला. आपल्याकडं मे महिन्यात उघड्या स्टीलला हात लावून बघा. एक तर वर पत्र्याची सावली हवी, नाहीतर पाइपावर प्लॅस्टिकचं आवरण.

शुद्धमती
कठडा-दांडी हा भेद आवडला. 'हातदांडी' चालेल. पण पाटीवर काय लिहिणार? 'अपंगांसाठी मार्ग' चालणार नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमापासून सरकारी मराठीत 'दिव्यांग'. तसाही अपंग हा शब्द अशुद्धच. संस्कृत 'अपांग' म्हणजे डोळ्याचा कोपरा!

काळी कसदार
डोळ्याच्या कोपऱ्याचा इथं काय संबंध? पंगू, पांगळा यांच्या घरातला शब्द आहे तो, मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. आणि 'दिव्यांग' सगळ्यांना रुचला असंही नाही, २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी तो सुचवल्यापासून अनेक हक्क-संघटनांचा त्याला विरोध आहे.

शुद्धमती
विरोध असला तरी कायद्याचा शब्द पाळावाच लागतो. पांगळ्याशी नातं हीसुद्धा तुमची कानगोष्टच.

पाणसळ
पाटीवर माणसाचं नाव कशाला? वस्तूचं घाला. 'रॅम्प' आणि बाण. काठी टेकणारी म्हातारी, गरोदर बाई, तान्हं पोर कडेवर घेतलेला बाप, सगळे तिथूनच जातात. 'फक्त दिव्यांगांसाठी' लिहिलं की मोटारसायकली थांबत नाहीत, म्हातारी मात्र पायऱ्या चढते. मग मोटारसायकल अडवायला कोणीतरी तोंडाशी साखळी लावतं आणि व्हीलचेअरही बाहेर राहते.

वर्धाकाठ
व्हीलचेअर गावात असते किती? तीनचाकी सायकल असते. तिचं हातपेडल पुढच्या चाकाले जोडलेलं असलं तं चढावर वजन मागं जाते अन् पुढचं चाक नुसतं फिरते. मांगून धक्का द्याले मानूस लागते. वळाले जागाही जास्त लागते, पाच फुटांत ते काई वळत नाही. टिपनात लिहा, रॅम्प शक्यतो सरळ, मधात काटकोन नको.

भाषांतरी
हे खूपच कामाचं. आणखी एक अडलंय. 'टॅक्टाइल टाइल' (अंधांना पायानं कळणारी उठावाची फरशी) दोनदा आलंय, दोन्हींना 'स्पर्शफरशी' लिहिलं.

पाणसळ
घोळ तिथंच होतो. फरश्या दोन जातींच्या. उभ्या पट्ट्यांची म्हणजे 'या दिशेनं चला', ठिपक्यांची म्हणजे 'थांबा, पुढं पायरी किंवा वळण आहे'. दोन्ही ३०० बाय ३०० मिमी, दोन्ही बहुतेक पिवळ्या, म्हणून खोक्यातून निघतील तशा बसवतात. पायरीच्या तोंडाशी पट्ट्या आल्या तर अंध माणसाला ती फरशी 'चला' म्हणते. 'पट्ट्यांची फरशी', 'ठिपक्यांची फरशी' असंच लिहा.

शुद्धमती
'दिग्दर्शक फरशी' आणि 'इशारा फरशी'?

वर्धाकाठ
दिग्दर्शक पिच्चरचा असते जी.

भाषांतरी
मग शेवटी असं लिहू का: 'रॅम्प: फुटाला इंच चढ, रुंदी चार फूट, सुरुवातीला आणि वर पाच फूट सपाट जागा, जोतं अडीच फुटांहून उंच असल्यास मधेही एक सपाट जागा'?

पाणसळ
बरोबर. १२०० आणि १५०० मिमी कंसात द्या. एका दमात ७५० मिमीपेक्षा जास्त चढ नको, म्हणून मधली जागा. रॅम्प ९ मीटरवर तोडायचाच.

शुद्धमती
'सपाट जागा' फार गद्य आहे. दम खाण्याच्या जागेला सुंदर शब्द आहे आपल्याकडं: विसावा. 'दर ९ मीटरला विसावा.' याला तरी कोणाची हरकत नसावी.

वर्धाकाठ
नको बाप्पा. गावात विसावा म्हंजे तिरडी टेकवतात ते जागा. ग्रामपंचायतीच्या दारात विसावा लिहिलं तं अर्धी सभा उठून जाईन.

काळी कसदार
'टप्पा'?

शुद्धमती
टप्पा म्हणजे एसटीच्या भाड्याचा. 'चौथरा' बघा.

काळी कसदार
चौथऱ्यावर पुतळा असतो.