टेम्प्लेटमध्ये केलेल्या फोटोबुकवर स्वतःचं नाव टाकावं का? (सॉफ्टवेअरही सुचवा)

पानगळ:
आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत म्हणून ६० पानांचं फोटोबुक करतेय. सुरुवात तयार टेम्प्लेटने केली पण आता त्यातलं फारसं उरलं नाहीये, दुसऱ्या दोन टेम्प्लेटमधल्या चौकटी उचलल्या, रंग बदलले, बाबांनी लग्नाआधी आईला लिहिलेली पत्रं स्कॅन करून फोटोंच्या मागे फिकट टाकली. शेवटच्या पानावर "संकल्पना आणि मांडणी" लिहून माझं नाव टाकलं तर भाऊ म्हणाला डिझाइन सॉफ्टवेअरवाल्यांचं, फोटो काकांनी काढलेले, तुझं काय त्यात? फार लागलं ते. चार महिने रात्री जागून केलंय. नाव ठेवू का? शिवाय मी बदललेलं टेम्प्लेट मैत्रिणीला हवंय, देता येईल का? आणि याहून मोकळीक देणारं सॉफ्टवेअर कुठलं?

जुना_अल्बम:
नाव ठेवाच. शेकडो फोटोंतून कुठले घ्यायचे, कुठला कुणासमोर येईल हे टेम्प्लेट ठरवत नाही, तुम्ही ठरवलंत. कॉपीराइटचा जो आंतरराष्ट्रीय बर्न करार आहे (मूळ १८८६ चा) त्यातही संग्रहांबद्दल हेच आहे की निवड आणि मांडणी हीच बौद्धिक निर्मिती असेल तर संग्रहाला संरक्षण मिळतं, पण आतल्या कृतींवरच्या मूळ हक्कांना धक्का न लावता. म्हणजे मांडणी तुमची, फोटो काकांचेच. त्यांचं नाव आधी घाला.

कात्रणवेडी:
मी थोडं वेगळं म्हणेन, नाव कष्टांवर नाही तर निर्णयांवर ठरावं. हाना होख ही जर्मन चित्रकार १९१९-२० च्या सुमारास बर्लिनमध्ये छापील मासिकांतली चित्रं कापून फोटोमोंटाज करायची, एकही फोटो तिने काढलेला नसायचा तरी ते काम तिचंच मानतात कारण कात्री कुठे लावायची ते तिने ठरवलं. याउलट माझं पहिलं फोटोबुक मी ऑटोफिलवर सोडलं होतं, म्हणजे फोटो सॉफ्टवेअरच आपोआप पानांवर लावतं. ते फोटोच्या फाइलमधली तारीख बघून क्रम लावतं, आणि स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना तारीख स्कॅनची, त्यामुळे आजी नातवंडांच्या नंतर तरुण झाली! मग सगळ्याचे छोटे प्रिंट काढून जमिनीवर पसरले, तीन दिवस नुसती हलवाहलव, आणि क्रम ठरल्यावरच सॉफ्टवेअर उघडलं. त्या दुसऱ्या पुस्तकावर माझं नाव आहे, पहिल्यावर नाही. तुझं तर दुसऱ्या प्रकारचंच दिसतंय.

धागेदोरे:
टेम्प्लेटबद्दल सांगतो. मैत्रिणीला देण्याआधी लायसन्स वाच. बहुतेक ठिकाणी त्यातून बनवलेलं पुस्तक छापायला हरकत नसते पण टेम्प्लेट म्हणून पुढे वाटायला मनाई असते, मग कितीही बदललेलं असो. क्रिएटिव्ह कॉमन्सवालं (निर्मात्याने काही अटींवर वापरायची परवानगी आधीच दिलेलं) असेल तर सोपं, फक्त त्यात एनडी ही अट असेल तर बदललेली आवृत्ती वाटता येत नाही, एसए ही अट असेल तर तुझी आवृत्तीही त्याच लायसन्सखाली द्यावी लागते, आणि श्रेय देताना बदल केलेत हेही लिहायचं.
सॉफ्टवेअर म्हणशील तर स्क्रायबस. फुकट, मुक्त स्रोत, पान कोरं मिळतं आणि चौकटी तू आखायच्या. पहिला आठवडा डोकं धरशील पण फाइल तुझ्या कॉम्प्युटरवर राहते, पीडीएफ कुठल्याही छापखान्याला देता येते. ब्लीड (कापताना जाणारी, पानाच्या कडेबाहेरची जादा छपाई) किती ते छापखान्याला विचार, साधारण ३ मिमी असतो. फोटो छपाईच्या आकाराला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) ठेव, म्हणजे ८ बाय १० इंचाच्या पानाला २४०० बाय ३००० पिक्सेल. मेसेजवर आलेले फोटो दाबलेले असतात, काकांकडून मूळ फाइली घे.
आणि एक, ती पत्रं. कागद आईकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा म्हणजे बाबांचा. कायदा सोड, इतकं खाजगी लिहिलेलं त्यांना सगळ्यांसमोर उघडं चालेल का?

पानगळ:
पत्रांचा विचारच केला नव्हता मी, आईने दिली म्हणून घेतली.
शेवटचं पान आता असं केलंय. छायाचित्रं: काका. मूळ टेम्प्लेट: सॉफ्टवेअरचं नाव, बदलांसह. निवड, क्रम आणि मांडणी: मी. मैत्रिणीला टेम्प्लेट देत नाही, तिच्यासोबत बसून कोऱ्या पानावर नवीन आखू. पत्रांचं बाबांना आज संध्याकाळी विचारते, सरप्राइज फुटलं तरी चालेल. नाही म्हणाले तर पत्रं टाकलेली ती १४ पानं पुन्हा नव्याने करेन.