साठीनंतर अकिलीस पुन्हा पुन्हा दुखतो, धावताना नकाशाही वाचता येत नाही. काय बदलावं?

पहाटधाव, दादर

बाबांचं वय ६१, जुने धावपटू. डाव्या टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर, अकिलीसवर (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड पट्टा, म्हणजे टेंडन) सकाळी उठल्यावर आखडतं. महिनाभर विश्रांती घेतली की बरं वाटतं, पण शिवाजी पार्कात वेगाचे फेरे सुरू केले की आठवड्यात पुन्हा तेच. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ करायची आहे. पुढच्या उन्हाळ्यात युरोपात ज्येष्ठांच्या ओरिएंटिअरिंगलाही (नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावायची शर्यत) जायचंय. सरावात पहिले तीन-चार कंट्रोल (नकाशावर दाखवलेली, शोधायची ठिकाणं) नीट सापडतात, मग चुका होतात. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, बीपीची गोळी चालू आहे. आता ऑगस्ट आहे. सुरुवात कुठून करावी?

पोटरी_आणि_टाच

विश्रांतीने दुखणं कमी होतं, पण टेंडनची ताकदही उतरते. मग जुनाच वेग त्याला जास्त होतो. त्यामुळे धावणं कमी करा, भार बंद करू नका.

१९९८ साली आल्फ्रेडसन यांनी मांडलेली पद्धत अजून चालते. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या पायावर एकट्याने सावकाश खाली यायचं. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, गुडघा किंचित वाकवून १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. वाकवलेला प्रकार टाळू नका, पोटरीचा आतला सोलिअस त्यानेच तयार होतो आणि लांब पल्ल्यात तोच जास्त राबतो. सोपं वाटलं की पाठीवरच्या सॅकमध्ये ५ किलो टाका. रोज झेपत नसेल तर आठवड्यातून तीनदा, जड वजन घेऊन संथ गतीने करा. तोही तितकाच लागू पडतो.

व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी आखडणं वाढलं असेल तर भार कमी करा. दुखणं थेट हाडाशी असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. अशा वेळी ताणून स्ट्रेचिंग केलं तर त्रास वाढतो.

डॉक्टरांना आवर्जून सांगा की टेंडनचा त्रास आहे. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स टेंडनला इजा करू शकतात आणि साठीनंतर तो धोका वाढतो. पोटरीत एकदम कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.

पार्काला नेहमी एकाच दिशेने फेऱ्या मारत असतील तर दिशा बदलत राहा. जुहूच्या भुसभुशीत वाळूत सध्या अजिबात नको, टाच खोल जाते आणि टेंडन जास्त ताणला जातो.

हाफवाला, ठाणे

आधी अंतर वाढवा, मग चढ, वेग सगळ्यांत शेवटी. दोन वेगाच्या सत्रांत निदान तीन दिवस ठेवा.

नाडीच्या कमाल ठोक्यांचा अंदाज मिनिटाला २०८ उणे वयाच्या ०.७ पट, म्हणजे ६१ ला साधारण १६५. पण बीपीची गोळी बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारी) असेल तर हा आकडा कामाचा नाही, तेव्हा बोलता येईल इतकाच वेग धरा. गोळी लघवी वाढवणारी असेल तर ऑक्टोबरच्या उकाड्यात जास्त जपा. लांब धावण्याआधी आणि नंतर वजन करा: एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. त्याहून जास्त पाणी पिऊन वजन वाढू देऊ नका, रक्तातलं सोडियम उतरतं. आणि धावण्याआधी आयबुप्रोफेन घेऊन सुटू नका. उकाडा, घाम आणि ती गोळी, तिन्ही मिळून मूत्रपिंडावर येतात.

होकायंत्र

चौथ्या कंट्रोलनंतरच्या चुका बहुतेक दमामुळे होतात. श्वास लागला की नकाशा दिसतो, पण डोक्यात उतरत नाही. लेगचे, म्हणजे दोन कंट्रोलमधल्या टप्प्याचे, तीन भाग करा. रस्ता, ओढा, कुंपण अशी खूण सोबत असेल तोवर मोकळं धावा, कंट्रोलजवळच्या ठळक खुणेपाशी, म्हणजे अटॅक पॉइंटला, वेग कमी करा, आणि तिथून पुढे होकायंत्र व पावलं मोजत चाला. या वयात चाललेले ८० मीटर भरकटलेल्या दहा मिनिटांपेक्षा स्वस्त पडतात. चुकल्याचं कळलं तर पुढे शोधत बसू नका, शेवटच्या पक्क्या जागी परत या.

पावलांचा जुना हिशेब टाकून द्या, वयाबरोबर पाऊल आखूड होतं. १०० मीटर मोजून नव्याने जोडपावलं मोजा, गवतात वेगळी आणि चढावर वेगळी.

चष्म्याकडे मी सगळ्यांत आधी बघेन. प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग वाचनासाठी असतो, त्यामुळे पायाखालची जमीन धूसर दिसते आणि मुळांवर अडखळायला होतं. लांबचा साधा चष्मा आणि अंगठ्याच्या होकायंत्रावर बसणारं भिंग, ही जोडी बरी. ज्येष्ठांच्या गटात जंगलाचा नकाशा सहसा १:१०,००० असतो, १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. होकायंत्र युरोपच्या चुंबकीय विभागासाठी तोललेलं घ्या, नाहीतर सुई एका बाजूला झुकून घासते.

रंगही पक्के करा. आपल्याला पांढरं म्हणजे मोकळं वाटतं, पण या नकाशात पांढरं म्हणजे सहज धावता येईल असं जंगल. मोकळी जमीन पिवळी, आणि हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाट सोडून सराव करू नका. परवानगी नसते आणि बिबटे आहेत. फोर्टच्या गल्ल्यांचा १:४००० नकाशा ओपनओरिएंटिअरिंग मॅपर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढा आणि रविवारी सकाळी तिथे वळणांचा सराव करा.

पहाटधाव, दादर

गोळी अ‍ॅम्लोडिपिन आहे, म्हणजे बीटा ब्लॉकर नाही आणि लघवी वाढवणारीही नाही. १२ आठवडे म्हणजे नोव्हेंबर उजाडेल. मधल्या काळात धावणं पूर्ण बंद?

पोटरी_आणि_टाच

नाही. एक दिवसाआड ३० मिनिटं सावकाश, ८ ते १० मिलिमीटर ड्रॉपच्या (टाच चवड्यापेक्षा तेवढी उंच असलेल्या) बुटात. सकाळचं आखडणं वाढलं नाही तर दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. उरलेल्या दिवशी सायकल किंवा पोहणं. नोव्हेंबरमध्ये एका पायावर सलग २५ वेळा टाच उचलता आली तर वेगाचं पहिलं सत्र घ्या: १ मिनिट जलद, २ मिनिटं संथ, असं सहा वेळा. २५ झाले नाहीत तर जानेवारीची हाफ संथच धावा.