जानेवारीत केदारकंठा: जळगावहून जाताना तयारी कशी करावी?

तापीकाठ (जळगाव):
नमस्कार. आम्ही चार मित्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातील केदारकंठ्याला जाण्याचे ठरवत आहोत. सांकरी गावातून सुरुवात, बर्फात तीन मुक्काम आणि सुमारे 3,800 मीटर उंचीचे शिखर, असा कार्यक्रम आहे. दिवाळीतली अस्तंबा यात्रा आम्ही पायी करत आलो आहोत, त्यामुळे चालण्याची भीती नाही. परंतु आमच्या लेखी थंडी म्हणजे आठ-नऊ अंशांची पहाट, आणि बर्फ रसवंतीच्या पलीकडे पाहिलेला नाही. कोणते जाकीट घ्यावे, यावरच आमची चर्चा अडली आहे.

लळिंगवाला (धुळे):
जाकिटाचा निर्णय सर्वांत शेवटी घ्या, कारण ते चालताना अंगात नसतेच. मी पहिल्या वेळी सुती बनियनवर जाड स्वेटर घालून चढलो, तासाभरात घामाने चिंब झालो आणि मुक्कामी पोहोचून थांबताच तो ओला बनियन बर्फासारखा पाठीला चिकटला. दोन तास दात वाजत होते. तेव्हापासून अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस (हलके, उबदार मऊ कापड) आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे कवच, एवढेच घालतो आणि घाम येण्याआधीच एक थर उतरवतो. झोपताना घालायचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळा ठेवावा. कितीही मोह झाला तरी तो दिवसा वापरू नये.

झोपण्याची बॅग भाड्याने घेताना तिच्यावरचा ‘लिमिट’चा (जेमतेम निभावेल त्या तापमानाचा) नव्हे, ‘कम्फर्ट’चा (आरामात झोप लागेल त्या तापमानाचा) आकडा पाहा; तिथे रात्री पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरू शकतो. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, कारण पाणी वरून गोठते आणि बूच मोकळे राहते. बूट नवे असतील तर आत्तापासून वापरा. मोबाईल आणि पॉवर बँक रात्री अंगाजवळ ठेवा. आपल्याकडे शेकोटीची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतो: बंद तंबूत शेगडी किंवा कोळसे अजिबात नेऊ नका, त्या धुराविना पसरणाऱ्या वायूने झोपेतच माणूस जातो.

सातपुडा_डॉक्टर (नंदुरबार):
वरील सर्व योग्य आहे. मला काळजी उंचीची वाटते. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे आणि अस्तंब्याचा डोंगरही साधारण तेराशे मीटरचाच, त्यामुळे तिथे कमावलेला दम विरळ हवेत हमी देत नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने चढतो आणि आधी आजारी पडतो, असे अनेकदा दिसते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. वाटेतला मुक्काम जुडा का तालाब सुमारे 2,750 मीटरवर आणि त्यापुढचा तळ साधारण 3,400 मीटरवर आहे, म्हणजे ही उडी थोडी मोठीच आहे. म्हणून सांकरीत एक जादा रात्र काढता आली तर काढाच.

डोकेदुखीसोबत मळमळ किंवा गरगरणे सुरू झाले, तर तिथेच थांबावे आणि बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. तोल जाणे, बरळणे, बसल्या जागी धाप लागणे, ही लक्षणे दिसताच रात्र असली तरी सोबतीने खाली उतरवावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स ही गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असल्यास. कुडकुडणाऱ्याचे कुडकुडणे थांबले आणि तो सुस्त झाला, तर त्याला बरे वाटले असे समजू नका. शरीर हरत असल्याची ती खूण असते. बधिर पांढऱ्या बोटांना बर्फाने किंवा हाताने चोळू नये.

हवामानाबद्दल एकच उदाहरण देतो: जून 2024 मध्ये उत्तराखंडातीलच सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या गटातील नऊ जण वादळात आणि थंडीत सापडून दगावले. तो उन्हाळा होता.

तापीकाठ (जळगाव):
मनःपूर्वक आभार. चौघांपैकी एकाला सल्फाची ॲलर्जी आहे, हे आज विचारल्यावरच कळले. परतीची तिकिटे दोन दिवस पुढे ढकलली आहेत. येत्या रविवारपासून सॅकमध्ये वाळू भरून पाटणादेवीच्या डोंगरात चढण्याचा सराव करणार आहोत.

लळिंगवाला (धुळे):
वाळूऐवजी पाण्याच्या बाटल्या भरा. माथ्यावर त्या रिकाम्या करता येतात आणि उतरताना गुडघ्यांवर भार पडत नाही.